वाट कोणी पाहायची?

३० मे १९९६ रोजी लिंडा पीनो नावाच्या डॉक्टर अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्षीला बसल्या आणि त्यांनी सर्वांदेखत कबुली दिली. १९८७ च्या वसंतात, डॉक्टर या नात्याने आपण एका माणसाच्या मृत्यूला कारण झालो, असे त्या म्हणाल्या. त्या माणसाला जीव वाचवणारी शस्त्रक्रिया हवी होती. पीनो तेव्हा एका आरोग्यविमा कंपनीत वैद्यकीय परीक्षक होत्या आणि त्यांनी ती नामंजूर केली. कंपनीचे सुमारे पाच लाख डॉलर वाचले. या मृत्यूबद्दल त्यांना ना कोर्टाने जाब विचारला, ना त्यांच्या व्यवसायाने. उलट नोकरीत त्यांचे भलेच झाले. परीक्षकाने रुग्णाला भेटायचे नसते. त्याच्यापुढे येतात ते कागद, आणि कागदावर ‘नाही’ लिहायला फार वेळ लागत नाही.

पीनो पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राकडे वळल्या, त्यांच्या आयुष्यावर २००२ मध्ये चित्रपटही आला. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र आजही जिथल्या तिथे आहे, आणि आता त्याचा मोठा भार म्हाताऱ्या माणसांवर पडतो आहे. समोर बसून नाडी पाहणारा डॉक्टर म्हणतो, हा उपचार हवा. विमा कंपनी म्हणते, शंका आहे. शंका रास्तही असू शकते. पण ती फिटेपर्यंत वाट कोणी पाहायची, पैशाने की रुग्णाने? विमा उद्योगाच्या नियमावलीत दडलेला हा प्रश्न मुळात धर्माचा आणि नीतीचा आहे.

कॅशलेस मेडिक्लेम असलेल्या आपल्याकडच्या घरांना ‘प्री-ऑथ’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रुग्णालयातल्या टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीशी ज्याने ताटकळत वेळ काढला आहे त्याला ते पुरते ठाऊक असते. भारताच्या विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्या आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्या. अमेरिकेत हेच काम ‘प्रायर ऑथरायझेशन’, म्हणजे पूर्वपरवानगी, या नावाने चालते आणि तिथला हिशेब तासांचा नाही, दिवसांचा आहे. एमआरआय, गुडघ्याची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे औषध, खुबा मोडल्यानंतरची फिजिओथेरपी, अशा कितीतरी गोष्टींसाठी आधी कंपनीचा होकार लागतो.

अमेरिकेतल्या वृद्धांसाठीचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन त्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या हाती ठेवले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली, ती स्थलांतराच्या. त्या कायद्याने आशियातल्या माणसांना अमेरिकेचे दार उघडले आणि मुंबई-पुण्याहून, नागपूरहून डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे गेले, रुजले, मंडळे काढून गणपती बसवू लागले. ती पिढी आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. एका कायद्याने त्यांना नेले आणि दुसऱ्याच्या आधाराने ती माणसे म्हातारपण काढत आहेत. त्यामुळे हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

मूळ मेडिकेअरमध्ये पूर्वपरवानगी फारच थोड्या गोष्टींना लागत असे. डॉक्टरने उपचार करायचा, सरकारने बिल चुकते करायचे, शंका आली तर मागाहून तपासायचे. म्हणजे वाट पाहायची ती पैशाने. १९९७ च्या कायद्याने आणि नंतर २००३ च्या कायद्याने मेडिकेअरचा खासगी कंपन्यांमार्फत चालणारा दुसरा मार्ग रुंद केला. त्याचे आजचे नाव मेडिकेअर ॲडव्हान्टेज. सरकार कंपनीला माणशी महिन्याला ठरावीक रक्कम देते. त्यातले किमान ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्चायचे, उरलेल्यात कारभार आणि नफा. जादा हप्ता नाही किंवा नाममात्र, वर चष्मा, दात, जिमचे सभासदत्व. २०२४ पर्यंत मेडिकेअरच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सव्वातीन कोटींवर लोक या मार्गावर आले. या मार्गावर वाट पाहणारा बदलला.

आकडे बोलके आहेत. २०२३ मध्ये या कंपन्यांनी पूर्वपरवानगीचे जवळपास ५ कोटी निर्णय दिले, त्यांपैकी सुमारे ३२ लाख नकाराचे होते. नकार मिळालेल्या प्रकरणांपैकी अपील झाले ते शंभरात बाराहून कमी ठिकाणी. आणि अपील झालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक ठिकाणी कंपनीने आपला नकार पूर्णतः किंवा अंशतः मागे घेतला. अपिलात जाणारी प्रकरणे मुळातच भक्कम असणार, त्यामुळे सगळेच नकार चुकीचे होते असे यावरून म्हणता येत नाही. पण आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ मधल्या एका आठवड्यातले नकार काढून तपासले आणि एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला: नाकारलेल्या विनंत्यांपैकी १३ टक्के विनंत्या मेडिकेअरच्या स्वतःच्या नियमांत बसत होत्या. सरकारी मेडिकेअरमध्ये जे मिळाले असते, ते इथे अडवले गेले होते.

शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपील का करत नाहीत, हे समजायला एक कागद नीट पाहावा लागेल. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेली ऐंशीची बाई पुनर्वसन केंद्रात आहे. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जाते, न्हाणीघरात एकटी जाऊ शकत नाही. तिच्या हाती एक नोटीस येते: अमुक तारखेनंतर तुमच्या इथल्या राहण्याचा खर्च विमा देणार नाही. ही नोटीस किमान दोन दिवस आधी द्यावी लागते. खाली सही करायची जागा असते. पटत नसेल तर तातडीच्या अपिलासाठी एका स्वतंत्र संस्थेचा फोन नंबर छापलेला असतो, आणि तो फोन करायची मुदत असते खर्च बंद होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. त्यानंतरही वाटा आहेत, पण त्या अधिक लांबच्या. मुलगा दुसऱ्या राज्यात, मुलगी कामावर, बाई वेदनाशामक गोळ्यांच्या गुंगीत. अपील हरले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे खिशातून. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? आईला गाडीत बसवतात आणि घरी आणतात.

ज्यू धर्मग्रंथ ताल्मुदमध्ये ‘किद्दुशिन’ नावाचा एक भाग आहे. ‘आईवडिलांचा मान राख’ ही आज्ञा बायबलमध्ये आहे. पण मान राखायचा म्हणजे नेमके करायचे काय, याचा खल ताल्मुदचे पंडित तिथे करतात. त्यांचे उत्तर विलक्षण रोखठोक आहे. खाऊ-पिऊ घालायचे, कपडे चढवायचे, पांघरूण घालायचे, आत-बाहेर न्यायचे-आणायचे. भावनेचा शब्द त्या यादीत नाही. पुनर्वसन केंद्रातल्या परिचारिकेच्या दिवसभराच्या कामांची नोंद काढली तर हीच कामे निघतील. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांना म्हातारपणाची गरज किती जवळून कळली होती!

ते पुढे आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो थेट आजचा आहे: या सेवेचा खर्च कोणाच्या पैशातून? बराच वाद होतो. कौल असा निघतो की पैसा वडिलांचा, मुलाने द्यायचे ते कष्ट आणि त्यापायी बुडणारे स्वतःचे काम. मेडिकेअरच्या बाबतीत ही गोष्ट विसरली जाते. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पगारातून या विम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात, तेवढीच भर मालक घालतो, आणि अशी साधारण दहा वर्षे भरली की रुग्णालयाच्या विम्याचा हप्ता लागत नाही. म्हणजे म्हातारीच्या उपचारावर खर्च होणार तो दान म्हणून आलेला पैसा नव्हे. तिने आणि तिच्या पिढीने तो आयुष्यभर भरला आहे. बायबलच्या जुन्या करारातला मजुरीचा नियम इथे लागू पडावा असा आहे: मजुराचे पैसे सूर्यास्ताच्या आत द्यावेत, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर टांगलेला आहे. पैसे बुडवणे हा एक अन्याय, आणि पैसे देण्यात उशीर करणे हा वेगळा अन्याय, हे त्या नियमाने स्पष्ट ओळखले आहे.

त्याच ‘किद्दुशिन’मध्ये अश्कलोनच्या दामा बेन नेतिनाची कथा येते. दामा ज्यू नव्हता, तरी आदर्श म्हणून सांगितला जातो. त्याच्याकडे एक मोलाचे रत्न घ्यायला लोक येतात, सौद्यात सहा लाखांचा नफा आहे. पण किल्ली झोपलेल्या वडिलांच्या उशाखाली. दामा त्यांना उठवत नाही. नफा परत जातो. मराठी वाचकाला ही कथा ऐकताच पंढरपूर आठवेल. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले; देव थांबला. दोन दूरच्या परंपरा, एकमेकींना न ओळखणाऱ्या, पण दोघींचा क्रम एकच आहे. म्हाताऱ्या आईबापांपुढे पैशाने थांबायचे, देवानेही थांबायचे. आज अमेरिकेत जो क्रम नियम म्हणून चालतो तो याच्या बरोबर उलटा आहे. पैसा तिजोरीत सुरक्षित बसलेला असतो आणि आई थांबते.

थांबण्याची किंमत वयाप्रमाणे बदलते, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवे. चाळिशीतल्या माणसाचा एमआरआय दोन आठवडे लांबला तर त्याचे दोन आठवडे जातात. ऐंशीच्या माणसाचे व्यायाम दोन आठवडे थांबले तर स्नायूंची जी ताकद जाते ती पुष्कळदा परत येतच नाही. घड्याळ दोघांचे एकच, पण काळ एक नाही. म्हणून सगळ्यांना सारखी मुदत देणारा नियम वरवर समान दिसला तरी म्हाताऱ्यांवर अन्याय करतो.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही, आणि सुधारणेच्या उत्साहात ती झटकून टाकणे अप्रामाणिक ठरेल. ‘आधी पैसे द्या, मग तपासा’ या पद्धतीत लुटारूंचे फावते. जखमेवर लावायच्या कृत्रिम त्वचेच्या पट्ट्यांवर मेडिकेअरचा खर्च २०१९ मध्ये पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो एक हजार कोटींच्या वर गेला. इतक्या जखमा अमेरिकेत अचानक वाढल्या नव्हत्या. शिवाय अनावश्यक शस्त्रक्रिया हा म्हाताऱ्या शरीरावर अत्याचारच असतो. १९८७ मध्ये, ज्या वर्षीच्या नकाराची कबुली पीनोंनी दिली त्याच वर्षी, तत्त्वचिंतक डॅनियल कॅलहन यांनी ‘सेटिंग लिमिट्स’ या पुस्तकात मांडले की समाजाने एका वयानंतर आयुष्य लांबवणाऱ्या उपचारांना मर्यादा घालावी, मात्र वेदना कमी करणारी सेवा पूर्ण द्यावी. त्यांच्या वयाच्या रेषेवर प्रचंड वाद झाला. पण मर्यादा असू शकते, एवढे तरी मान्य करावे लागते. पैसा अमर्याद नाही.

मग ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटींवर? नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सेबिन या दोघांनी १९९७ मध्ये नेमका हाच प्रश्न विमा कंपन्यांच्या संदर्भात विचारला. एक तत्त्वज्ञ, दुसरे मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काय न्याय्य यावर लोकांचे एकमत होणार नाही, म्हणून निदान रीत न्याय्य हवी. नकाराची कारणे सर्वांना दिसावीत. ती कारणे रुग्णाच्या गरजेशी संबंधित असावीत. आव्हान देण्याची खरीखुरी सोय असावी. आणि हे सगळे पाळले जाते की नाही हे पाहणारे कोणीतरी असावे. या चार अटींवर घासून पाहिले तर वर्षानुवर्षे चाललेली पूर्वपरवानगी एकीवरही धड उतरत नव्हती. निकष कंपन्यांच्या आतले, पत्रातली कारणे मोघम, अपिलाची मुदत पुनर्वसनाच्या बाबतीत जेमतेम एक दिवस.

त्यात माणूसच दिसेनासा झाला तर? राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी नोकरशाहीला ‘कोणाचेच नसलेले राज्य’ म्हटले होते. जाब विचारायला समोर कोणी उरत नाही, म्हणून ते त्यांना भयंकर वाटले. पीनोंच्या कबुलीत निदान एक माणूस होता, ज्याला नऊ वर्षांनी का होईना, आपण काय केले ते सांगावेसे वाटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिनेसोटाच्या संघीय न्यायालयात युनायटेडहेल्थ या विमा कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला. वृद्ध रुग्ण पुनर्वसन केंद्रात किती दिवस राहील याचा अंदाज देणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या जोरावर त्यांची सेवा अकाली तोडली गेली, असा आरोप त्यात आहे. ती प्रणाली केवळ मार्गदर्शक आहे, निर्णय तिच्यावर होत नाहीत, असे कंपनी म्हणते. ते न्यायालय ठरवील. सिनेटच्या तपास उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जो अहवाल दिला त्यात मात्र याच कंपनीचे रुग्णालयानंतरच्या सेवेतले नकाराचे प्रमाण २०२० मधल्या १०.९ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २२.७ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. प्रणाली कबुली देत नाही. तिला रात्री जाग येत नाही.

या सगळ्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे. जे माणूस बरे होणारच नाही, त्याच्यावर खर्च का करायचा? मेडिकेअरच्या कारभारात हा प्रश्न बरीच वर्षे एका अलिखित कसोटीच्या रूपात वावरत होता: सुधारणा दिसत नसेल तर फिजिओथेरपी बंद. जिमो विरुद्ध सिबेलियस या खटल्यात २०१३ च्या जानेवारीत तडजोड मंजूर झाली आणि सरकारला स्पष्ट करावे लागले की कुशल हातांची गरज असेल तर आहे ती स्थिती टिकवण्यासाठी किंवा घसरण मंद करण्यासाठीही ही सेवा देय आहे. हा निव्वळ तांत्रिक खुलासा नव्हे. म्हातारपणाकडे पाहण्याची एक सबंध दृष्टी त्यात बदलते. पार्किन्सन झालेल्या आजोबांना आणखी सहा महिने स्वतःच्या हाताने घास घेता येणे, यात ‘सुधारणा’ काहीच नाही. तरी त्या सहा महिन्यांची किंमत कोणत्याही धर्माला आणि बहुतेक घरांना न सांगता कळते.

गेल्या काही वर्षांत नियम हलले आहेत, हे मान्य करायला हवे. २०२४ पासून मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या कंपन्यांना मूळ मेडिकेअरचे निकष पाळणे बंधनकारक झाले. केवळ संगणकाच्या अंदाजावर, त्या रुग्णाची परिस्थिती न पाहता नकार देता येत नाही, हेही सरकारने सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक नियम आला: २०२६ पासून तातडीच्या विनंतीवर ७२ तासांत आणि साध्या विनंतीवर ७ दिवसांत निर्णय, पूर्वी साध्या विनंतीला १४ दिवसांपर्यंत मुभा होती. नकाराचे नेमके कारण द्यायचे आणि मंजुरी-नकारांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे. डॅनियल्स-सेबिन यांच्या पहिल्या अटीला जवळपास तीस वर्षांनी का होईना सरकारी शिक्का मिळाला. औषधे मात्र या नियमाबाहेर राहिली.

हे नियम कायद्याने पक्के करणारे एक विधेयकही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते आवाजी मतदानाने संमत केले. सिनेटमध्ये ते अडले. अडण्याचे मोठे कारण होते संसदेच्या अर्थविषयक कार्यालयाचा अंदाज: दहा वर्षांत सुमारे १,६०० कोटी डॉलरचा खर्च. या आकड्यापाशी जरा रेंगाळले पाहिजे. विधेयक एकही नवा उपचार देत नव्हते. कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक करा, निर्णय लवकर द्या, आकडे उघड करा, एवढेच त्याचे मागणे होते. मग खर्च कुठून आला? अडथळा कमी झाला की लोक जास्त सेवा घेतील, इथून. म्हणजे त्या अडथळ्यामुळे, त्या थांबण्यामुळेच पैसा वाचत होता, हे सरकारी हिशेबनिसांनी आकड्यात लिहून दिले. थकून गेलेल्यांच्या आणि अपील न केलेल्यांच्या वाट्याचा पैसा त्या रकमेत आहे. विधेयक २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले गेले, दोन्ही सभागृहांत निम्म्याहून अधिक सदस्यांनी पाठीराखे म्हणून त्याला आपली नावेही दिली.

दरम्यान वारे उलटेही वाहते आहे. जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सी, ओहायो, ओक्लाहोमा, टेक्सस, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन या सहा राज्यांत मूळ मेडिकेअरमध्येही काही निवडक उपचारांसाठी पूर्वपरवानगीचा प्रयोग योजला गेला. त्यात त्या कृत्रिम त्वचेच्या पट्ट्या आहेत, हे योग्यच. नकारावर शेवटचा हात माणसाचा असेल, अशी ग्वाहीही आहे. पण तपासणी करणाऱ्या खासगी कंपन्यांना मोबदला मिळणार तो वाचलेल्या खर्चातला हिस्सा म्हणून. न्यायाधीशाला दंडाच्या रकमेत वाटा द्यावा, तसे हे आहे. ज्याने शंका घ्यायची, त्याचाच शंकेत फायदा, ही रचना कोणत्याही नीतिशास्त्रात बसवता येणार नाही. टेक्ससने २०२१ मध्ये आपल्या खासगी विम्यासाठी वेगळी वाट दाखवली होती: ज्या डॉक्टरच्या ९० टक्के विनंत्या मंजूर होतात, त्याला त्या उपचारासाठी परवानगीतूनच सूट. प्रत्यक्षात ती फार थोड्यांना मिळाली, तरी दिशा बरोबर आहे. शंका लुटारूवर ठेवा, सरसकट प्रत्येक म्हातारीवर नको.

मेडिकेअरची योजना निवडायचा काळ दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असतो. दिवाळी बहुधा त्याच सुमारास येते, घरे माणसांनी भरलेली असतात, आणि टीव्हीवर हप्ता नसलेल्या योजनांच्या जाहिराती सुरू असतात. त्या जाहिरातींत पूर्वपरवानगीचा उल्लेख नसतो. एकदा खासगी मार्गावर गेलेल्याला मूळ मेडिकेअरमध्ये परत येता येते. पण तिथला उरलेला खर्च भागवणारा पूरक विमा, ठरावीक सवलतीचे प्रसंग सोडले तर, बहुतेक राज्यांत कंपनी आजारपण पाहून नाकारू शकते, आणि पंचाहत्तरीत आजारपण असतेच. हे सगळे कुठलीही योजना न विकता समजावून सांगणारे विनामूल्य सल्लागार प्रत्येक राज्यात सरकारी खर्चाने उपलब्ध आहेत. नोटीस आली तर अपिलाचा अर्ज कसा करायचा, डॉक्टरांच्या पत्रात काय हवे, हेही ते सांगतात. त्यांतले पुष्कळ जण निवृत्त स्वयंसेवक असतात, आणि त्यासाठीचे प्रशिक्षण राज्येच देतात. मराठी मंडळांच्या सभासदांत आता निवृत्तांची कमी नाही.